पत्त्याच्या रकान्यात काय लिहायचं?

जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी एक आई टेबलासमोर उभी होती. नाव झालं, वय झालं, पत्त्याच्या रकान्याशी गाडी अडली. "पुलाखाली लिवा ना बाई," ती म्हणाली. मुलगी आठ वर्षांची, शाळा कधीच न पाहिलेली. जन्मदाखला नाही, आधार नाही. मी म्हणाले, "कागदपत्रं घेऊन या, मग बघू." ती गेली आणि महिनाभर फिरकलीच नाही.

चूक माझी होती. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि त्यात ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाचा हक्क लिहिलाय. घर असलेल्या मुलाचा, असं कुठेही म्हटलेलं नाही. कलम १४ सरळ सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही. अंगणवाडीची किंवा दवाखान्यातली नोंद चालते, काहीच नसेल तर पालकांनी वय लिहून दिलं तरी चालतं. आधारचंही तेच. शाळाप्रवेशासाठी ते सक्तीचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात स्पष्ट केलंय. मग पत्ता? "अमुक उड्डाणपुलाखाली, सिग्नलजवळ" हाही पत्ताच. मूल सापडण्यासाठी तो पुरतो.

दुसरा प्रश्न वर्गाचा. आठ वर्षांच्या मुलीला पहिलीत बसवायचं का? नाही. कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात, म्हणजे साधारण तिसरीत. आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण. चौदा वर्षं उलटली तरी आठवी पूर्ण होईपर्यंत तिचं शिक्षण मोफतच. खरं सांगायचं तर हे विशेष प्रशिक्षण बऱ्याच ठिकाणी कागदावरच उरतं. चाळीस मुलांच्या वर्गात एकीला अक्षरओळख करून देणं सोपं नाही, हे आपण सगळेच जाणतो.

पण प्रवेशापेक्षा टिकणं अवघड. फूटपाथवरच्या कुटुंबाचं सामान कारवाईत उचललं जातं, त्यात दप्तरही जातं. पावसात वह्या भिजतात. रात्री दिवा नाही, मग गृहपाठ कुठला? अशा मुलाला "वही का नाही आणली?" असं वर्गासमोर विचारलं, की दुसऱ्या दिवशी ते येतच नाही. कुटुंब दुसऱ्या भागात हललं, तर आपण गैरहजेरीचे शेरे मारत बसतो. खरं तर कलम ५ प्रमाणे त्याला बदलीचा हक्क आहे, आणि दाखला उशिरा मिळाला म्हणून नवी शाळा त्याला थांबवू शकत नाही. वर्ष सुरू झाल्यावर आलं तरी प्रवेश द्यायचाच, हे कलम १५.

ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली महापालिका आणि एका संस्थेने मिळून २०१६ मध्ये सिग्नल शाळा सुरू केली. मुलं जिथे राहतात तिथेच शाळा नेली. प्रत्येक पुलाखाली शाळा निघणार नाही, पण आपल्या शाळेचं एक कपाट तर रिकामं करता येईल?

ती आई नंतर स्वतःहून नाही आली. जुलैत आम्ही दोघी शिक्षिका पुलाखाली गेलो, अर्ज तिथेच भरला. पालकसभेत एका बाबांनी विचारलं, "आमच्या मुलांबरोबर बसवणार?" मी म्हटलं, "हो, तिसऱ्या बाकावर." आता तिचं दप्तर शाळेच्या कपाटात राहतं. सुटायच्या आधी अर्धा तास ती तिथेच गृहपाठ करते, आणि परवा तिनेच आठवण करून दिली, "बाई, कपाटाला कुलूप लावा."