पुसून गेलेली सूचना पुन्हा कोठे शोधावी
(ध्वनिमुद्रित व्याख्यानावरून)



गेल्या वर्षी एका शनिवारी रात्री हवदाला आटोपल्यावर मी कपाटातून माझा फोन काढला. शुक्रवारी शब्बाथचे दिवे लावण्यापूर्वी ठेवलेला तो फोन तेव्हाच प्रथम हाती येत होता. पडद्यावर सूचनांची रास साचली होती. ठाण्याच्या भाचीने पाठवलेली छायाचित्रे, दुकानांच्या सवलती, पावसाचा इशारा, कोणाकोणाचे 'शब्बाथ शालोम' असे सारे एकात एक मिसळलेले. मला त्याचा कंटाळा आला व मी तळाचे 'क्लिअर ऑल' दाबले. दाबता दाबताच एक इंग्रजी ओळ डोळ्यांपुढून गेली : मध्यरात्रीपासून काही खाऊ नये.

कोणी खाऊ नये? कोणत्या दिवशी? त्या आठवड्यात माझ्याही तपासण्या होत्या आणि माझ्या यजमानांच्याही. ते इन्सुलिन घेतात. इन्सुलिन घेणारा मनुष्य विनाकारण उपाशी राहिला, तर रक्तातील साखर उतरून त्याची शुद्ध हरपू शकते. आणि उपाशी राहावयाचे असता न्याहारी केली, तर तपासणीच रद्द होते. रुग्णाच्या उशाशी 'तोंडाने काही देऊ नये' अशी पाटी लावण्यात माझे आयुष्य गेले, आणि येथे पाटी माझ्याच बोटाने पुसली गेली होती.

त्या रात्री जे शिकले, ते सांगण्यासाठी आज उभी आहे.

पहिली गोष्ट अशी की, सूचना म्हणजे पत्र नव्हे. ती टपालवाल्याने वाजवलेली कडी होय. कडीचा आवाज विरला तरी पत्र बहुधा पेटीत असते. व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपमध्ये, बँकेचा एसएमएस मेसेजेसमध्ये, आणि रुग्णालयाचा निरोप त्याच्या अ‍ॅपमधील घंटेच्या चिन्हाखाली. अडचण एवढीच की, कडी कोणी वाजवली हे आपणांस ठाऊक नसते. मी प्रथम एसएमएस पाहिले, मग व्हॉट्सअ‍ॅप, मग ईमेल, आणि थकून निजले.

दुसरी गोष्ट अँड्रॉइड फोन असलेल्यांसाठी. २०२० साली आलेल्या अँड्रॉइड ११ पासून या फोनांत 'नोटिफिकेशन हिस्टरी', म्हणजे सूचनांची नोंदवही, असते. सेटिंग्जमध्ये जावे, तेथून नोटिफिकेशन्स, आणि तेथे नोटिफिकेशन हिस्टरी. सॅमसंगच्या फोनात मध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज' ही आणखी एक पायरी लागते. नाव सापडले नाही, तर सेटिंग्जच्या वरच्या शोधचौकटीत तेच शब्द लिहावेत. आत एक कळ असते, ती चालू करावी. त्यानंतर नुकत्याच पुसलेल्या सूचना, आणि त्याखाली गेल्या चोवीस तासांत आलेल्या सूचना, कोणत्या अ‍ॅपने किती वाजता पाठवल्या यासह दिसतात.

मात्र ही वही आधी उघडलेली असावी लागते. कळ चालू करण्यापूर्वीचे तीत काहीही उतरत नाही. मी त्या रात्री ती चालू केली, तेव्हा मला कोरे पान दिसले. रात्रपाळीच्या परिचारिकेने नोंद केली नसेल, तर सकाळी वही चाळून काय उपयोग? म्हणून माझी विनंती आहे की, हे काम आजच, येथून उठण्यापूर्वी करावे.

आता आपल्या लोकांना विशेष लागू असलेली गोष्ट. वही चोवीस तासांची आहे, आणि आपला शब्बाथ पंचवीस तासांचा. सिंगापुरात बारा महिने सूर्य सातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे हा हिशेब ऋतूप्रमाणे फारसा बदलत नाही. शुक्रवारी दिवे लावल्यानंतरच्या पहिल्या तासात आलेली सूचना शनिवारी रात्री पुसली, तर ती वहीतही सापडेल असे धरून चालू नये. न पुसलेल्या सूचना मात्र बहुधा पडद्यावर तशाच वाट पाहत असतात. यास्तव हवदालानंतर 'क्लिअर ऑल' दाबू नये. चष्मा लावून, बसून, एकेक वाचून मग बाजूला सारावी. मी आता चहा घेता घेता तेच करते.

आयफोनमध्ये अशी वही नाही. कुलूपबंद पडद्याच्या मधून बोट वर सरकवले, किंवा फोन उघडा असता वरच्या कडेच्या मधून खाली ओढले, की जुन्या सूचना दिसतात. पण एकदा पुसलेली तेथे परत येत नाही. त्यांना पत्राची पेटी शोधण्यावाचून गत्यंतर नाही. अ‍ॅपच्या चित्रावरील लाल ठिपक्यात आकडा असेल, तर तेथून आरंभ करावा.

पुसलेल्या सूचना महिनोन् महिने जपून ठेवू, असे सांगणारी परकी अ‍ॅपेही मिळतात. ती मी घेणार नाही, आपणही घेऊ नयेत. त्यांना आपल्या साऱ्या सूचना वाचण्याची परवानगी द्यावी लागते, आणि त्यांत बँकेचे ओटीपीही आले. फोनमधील वहीतही ते काही काळ दिसू शकतात; तेव्हा फोन दुरुस्तीला देताना उघडा देऊ नये.

'तुमच्या बँकेची सूचना तुम्ही चुकून पुसली, ही घ्या पुन्हा,' असे म्हणून कोणी दुवा पाठवील, तर तो उघडू नये. जानेवारी २०२२ मध्ये सिंगापूरच्या बँकांनी ग्राहकांना पाठवण्याच्या एसएमएस व ईमेलमधून असे दुवे काढून टाकण्याचे ठरवले. आणि १ जुलै २०२४ पासून बहुतेक सरकारी एसएमएस 'गव्ह डॉट एसजी' या एकाच नावाने येतात. शंका आली, तर १७९९ या क्रमांकावर विचारता येते. मी विचारलेले आहे. विचारल्याबद्दल कोणी हसले नाही.

एक बारीकशी गोष्ट : कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप पाठवून मागे घेतला, तरी त्याचे शब्द पुष्कळदा या वहीत राहतात. माझ्या जावेने एकदा असा निरोप मागे घेतला होता. मी तो वाचला, आणि न वाचता तर बरे झाले असते.

आमचा निरोप रविवारी दुपारी सापडला, रुग्णालयाच्या अ‍ॅपमधील घंटेखाली, जिला मी कधी हातही लावला नव्हता. तपासणी यजमानांची होती, सोमवारी सकाळची. आणि खाली लिहिले होते की, इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्रेविषयी आधी दूरध्वनी करून विचारावे. आम्ही तत्काळ विचारले. रात्रीची मात्रा कमी करावयाची होती.

पुढच्या रविवारी ज्यांना ही कळ लावून हवी असेल, त्यांनी आपला फोन पूर्ण चार्ज करून आणावा, आणि त्याचा पासवर्ड आठवत नसेल, तर नातवंडालाही बरोबर आणावे.