तीन गोळ्या घेऊनही बीपी खाली येत नाही? रीनल डिनर्व्हेशन समजून घ्या

बीपीच्या तीन गोळ्या नियमित सुरू आहेत, जेवणात वरून मीठ घेणेही बंद केले आहे, तरी मशीनवर आकडा १६०-१७० च्या खाली येत नाही. अशा वेळी कोणीतरी सांगते, "आता जांघेतून नळी घालून किडनीच्या नसांवर उपचार करतात, मग गोळ्या लागत नाहीत." यातला पहिला भाग खरा आहे, दुसरा बहुतेक रुग्णांच्या बाबतीत खरा नाही. म्हणून निर्णय घेण्यापूर्वी हा उपचार नीट समजून घ्या.

किडनीचा आणि बीपीचा संबंध काय?

मेंदूकडून किडनीकडे जाणारे सूक्ष्म मज्जातंतू किडनीच्या धमनीच्या बाहेरील आवरणातून जातात. आपण बोलताना 'नस' हा शब्द रक्तवाहिनी आणि मज्जातंतू दोन्हींसाठी वापरतो. येथे नस म्हणजे मज्जातंतू. हे तंतू जास्त सक्रिय झाले की किडनी शरीरात मीठ व पाणी धरून ठेवते आणि रेनिन नावाचा स्राव वाढतो. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि बीपी वाढते.

रीनल डिनर्व्हेशनमध्ये धमनीला धक्का न लावता हे तंतू आतून उष्णता देऊन निकामी केले जातात. किडनीचे रक्त गाळण्याचे काम सुरूच राहते.

उपचार कसा करतात?

अँजिओग्राफीप्रमाणेच हे काम कॅथलॅबमध्ये होते. जांघेतील धमनीतून बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, किडनीच्या धमनीपर्यंत नेतात. रेडिओफ्रिक्वेन्सी किंवा अल्ट्रासाऊंडच्या ऊर्जेने दोन्ही बाजूंच्या तंतूंवर उपचार करतात. ऊर्जा देताना पोटात किंवा पाठीत दुखते, म्हणून गुंगीचे व वेदनाशामक औषध दिले जाते. साधारण तासाभराचे काम असते. टाके नसतात आणि आत कोणतीही वस्तू कायमची ठेवली जात नाही.

फायदा किती?

या उपचाराचा इतिहास चढउतारांचा आहे. २००९ मध्ये पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा मोठी आशा निर्माण झाली. मग २०१४ मध्ये ५३५ रुग्णांच्या एका अभ्यासाने सगळ्यांना थांबवले. त्यात काही रुग्णांवर खरा उपचार केला, तर काहींची फक्त अँजिओग्राफी केली, आणि कोणावर काय केले हे रुग्णांना सांगितले नव्हते. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचे वरचे बीपी सरासरी १४ ने, तर दुसऱ्या गटाचे १२ ने कमी झाले होते. म्हणजे उपचाराचा फायदा सिद्ध झाला नाही.

त्यानंतर कॅथेटर आणि पद्धत दोन्ही सुधारल्या. नव्या अभ्यासांत स्पष्ट फरक दिसला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशा दोन उपकरणांना मान्यता दिली.

आज अपेक्षा अशी ठेवा: वरचे बीपी सरासरी ५ ते १० ने उतरते. काहींचे जास्त उतरते, काहींचे अजिबात नाही, आणि कोणाचे उतरेल हे आधी नक्की सांगता येत नाही. ५ चा फरक लहान वाटतो, पण तो टिकला तर हृदयविकार व पक्षाघाताचा धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी होतो. गोळ्या मात्र बहुतेकांना पुढेही घ्याव्या लागतात.

त्याआधी या पाच गोष्टी तपासा

बीपी 'औषधांना दाद देत नाही' असे तेव्हाच म्हणतात, जेव्हा लघवी वाढवणाऱ्या गोळीसह तीन प्रकारची औषधे पुरेशा डोसमध्ये घेऊनही ते जास्त राहते. अनेकदा कारण दुसरेच निघते.

१. मोजण्याची पद्धत: पाच मिनिटे शांत बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू नको. सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोनदा मोजून वहीत लिहा. घरची सरासरी १३५/८५ पेक्षा कमी असेल, तर दवाखान्यातील भीतीमुळे आकडा वाढत असू शकतो. २४ तासांच्या बीपी तपासणीने हे स्पष्ट होते.

२. चुकलेल्या गोळ्या: पनवेलहून सकाळची लोकल पकडण्याच्या घाईत गोळी राहून जाते. डॉक्टरांना खरे सांगा. वेळ बदलून किंवा दोन औषधे एकाच गोळीत देऊन मार्ग निघतो.

३. मीठ: दिवसाला एका माणसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा पुरे. लोणचे, पापड, फरसाण, सुकट आणि सुके बोंबील यांतील मीठही यातच मोजा.

४. इतर औषधे: गुडघेदुखीवरच्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या, स्टेरॉइड, नाक मोकळे करणारी औषधे बीपी वाढवतात. ज्येष्ठमधाचा काढा रोज घेतल्यानेही बीपी वाढते व पोटॅशियम घटते.

५. लपलेला आजार: किडनीचे विकार, किडनीच्या धमनीतील अडथळा, अल्डोस्टेरॉन हार्मोनचा अतिरेक, झोपेत मोठ्याने घोरत श्वास अडकणे. मूळ आजारावर उपचार केल्यावर बीपी बऱ्याचदा आटोक्यात येते.

हे सर्व पाहूनही बीपी वाढलेलेच असेल, तर चौथे औषध म्हणून अनेकदा स्पायरोनोलॅक्टोन देतात. ती स्वस्त आहे आणि बऱ्याच जणांना लागू पडते. मात्र पोटॅशियमची तपासणी करत राहावी लागते.

कोणासाठी योग्य नाही?

गर्भवती स्त्रिया, किडनीचे कार्य खूप कमी झालेले रुग्ण, आणि किडनीच्या धमनीत अडथळा किंवा स्टेंट असलेले किंवा ती फार बारीक असलेले रुग्ण यांना सहसा हा उपचार देत नाहीत. गंभीर गुंतागुंत क्वचित होते. जांघेत रक्त साकळणे, धमनीला इजा किंवा ती पुढे अरुंद होणे, कॉन्ट्रास्टमुळे किडनीवर ताण, हे धोके मात्र आहेत.

डॉक्टरांना हे विचारा

- माझ्या बीपीचे दुसरे कारण शोधून झाले का?
- चौथे औषध देऊन पाहिले का?
- तुमच्या केंद्रात हा उपचार किती रुग्णांवर झाला आहे?
- बीपी उतरले नाही तर पुढे काय?
- एकूण खर्चाचा अंदाज आणि विम्याची मंजुरी लेखी मिळेल का?

हा तातडीचा उपचार नाही. विचार करायला, दुसरे मत घ्यायला वेळ आहे. पण तोवर गोळ्या स्वतःहून बंद करू नका. बीपी १८०/१२० च्या वर असून छातीत दुखणे, धाप, बोलण्यात अडखळणे, एका बाजूची शक्ती जाणे किंवा अचानक दृष्टी अंधुक होणे यांपैकी काहीही दिसले, तर वाट न पाहता १०८ वर फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात जा.