संगणकातील मुकादम

या व्याख्यानमालेत संगणकावर बोलणारे वक्ते पूर्वीही येऊन गेले. ते त्या शास्त्राचे पदवीधर होते. आमच्यापाशी पदवी नाही. कामगार संघटनेच्या कचेरीत बसून, करारांचे मसुदे वाचता वाचता आणि ज्यांच्या टेबलावर ही यंत्रे येऊन बसली त्यांची गाऱ्हाणी ऐकता ऐकता जेवढे कळले, तेवढेच आम्ही येथे मांडणार आहोत. मात्र यंत्राकडे पाहण्याची आमची एक रीत आहे. यंत्र काय करते एवढे विचारून आम्ही थांबत नाही. त्याची मालकी कोणाकडे, ते कोणाच्या श्रमातून उभे राहिले आणि त्याच्यापुढे बसणाऱ्याचे पुढे काय झाले, हेही विचारतो. टेबलावरच्या संगणकाच्या पहिल्या पंधरा वर्षांना, म्हणजे १९८० ते १९९५ या काळाला, हे तीन प्रश्न लावून पाहू.

मुकादम म्हणजे कोण?

संगणक म्हणजे प्रत्यक्षात एक मुके यंत्र. त्यात गणित करणारा भाग असतो, आठवण ठेवणारा भाग असतो, माहिती साठविणारी तबकडी असते. शिवाय कळफलक, पडदा आणि छपाईयंत्र जोडलेले असते. या यंत्रावर निरनिराळे प्रोग्रॅम कामाला येतात. कोणी पत्र लिहितो, कोणी पगारपत्रक करतो, कोणी खातेवही ठेवतो. आता प्रत्येक प्रोग्रॅमला तबकडी कशी फिरवावी आणि पडद्यावर अक्षर कसे उमटवावे हे मुळापासून शिकवायचे म्हटले तर काम कधी सुरूच व्हायचे नाही. म्हणून मध्ये एक व्यवस्थापक लागतो. त्यालाच ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात.

गिरणगावात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना हे एका शब्दात कळेल. गिरणीत कामगाराला साचा मालकाच्या हातून कधीच मिळत नसे. कोणाला कोणता साचा, गैरहजर माणसाच्या जागी कोण, हे जॉबर ठरवी. प्रोग्रॅम म्हणजे कामगार आणि ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे जॉबर, म्हणजेच मुकादम. आणि ज्याच्या मुठीत मुकादम, त्याच्या मुठीत खाते, हेही गिरणगावाला सांगावे लागत नाही. पुढचा सगळा इतिहास या एका वाक्याच्या आधाराने समजतो.

पन्नास हजार डॉलरांचा सौदा

१९८० साली आयबीएम ही अमेरिकेतील सर्वांत बलाढ्य संगणक कंपनी होती. मोठ्या कचेऱ्यांसाठी खोलीभर पसरणारी यंत्रे ती करीत असे. टेबलावर मावणाऱ्या लहान यंत्रांचा बाजार दुसरेच लोक बळकावू लागले, तेव्हा तिने घाईने स्वतःचे लहान यंत्र काढावयाचे ठरविले. वेळ थोडा होता, म्हणून बहुतेक भाग बाहेरून विकत घेतले. मुकादमही बाहेरचाच घ्यावयाचे ठरले.

त्या वेळी लहान यंत्रांवर गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये रचलेली सीपी/एम ही प्रणाली चालत असे. त्यांच्या कंपनीशी आयबीएमच्या वाटाघाटी जुळल्या नाहीत. इकडे सिएटल शहरातील सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या छोट्या कारखान्याला आपल्या यंत्रासाठी प्रणाली हवी होती. तेथील टिम पॅटरसन नावाच्या विशीतल्या तरुणाने १९८० मध्ये ती काही महिन्यांत लिहून काढली. तिचे नाव त्यानेच क्यूडॉस असे ठेवले होते. मराठीत त्याचा अर्थ ‘घाईघाईची, ओबडधोबड प्रणाली’ असा होईल. आपल्या कामाला असे प्रामाणिक नाव देणारे कारागीर विरळाच!

मायक्रोसॉफ्ट या तेव्हाच्या लहानशा कंपनीने प्रथम ही प्रणाली वापरण्याचा परवाना घेतला आणि १९८१ च्या जुलैत आणखी ५०,००० डॉलर देऊन ती विकत घेतली. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचे यंत्र जाहीर झाले. त्याची किंमत १,५६५ डॉलरांपासून सुरू होत होती. त्यावर चालणाऱ्या डॉसची किंमत ४० डॉलर. सीपी/एमची नवी आवृत्ती घ्यायची तर २४० डॉलर. ग्राहकाने कोणती निवडली हे सांगावयास नको.

परंतु खरी मेख आयबीएमबरोबरच्या करारात होती. तीच प्रणाली इतर कारखानदारांना विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे राखून ठेवला होता. १९८२ च्या नोव्हेंबरात कॉम्पॅक या कंपनीने आयबीएमसारखेच चालणारे यंत्र जाहीर केले आणि मग अशा यंत्रांची रांगच लागली. कारखाने अनेक झाले, मुकादम मात्र एकच. यंत्र करणाऱ्यांनी आपापसांत भाव पाडले. मुकादमाची दस्तुरी प्रत्येक यंत्रामागे चालूच राहिली. पुढे तर कित्येक कारखानदारांशी असे करार झाले की, यंत्रावर डॉस घातली असो वा नसो, बाहेर पडणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे पैसे द्यावयाचे. अमेरिकेच्या न्यायखात्याने हात घातल्यावर १९९४ च्या तडजोडीत ही पद्धत बंद करावी लागली. ज्या सिएटलच्या कारखान्यात प्रणाली जन्मली त्यालाही आपल्या उरल्यासुरल्या हक्कांसाठी कोर्टात जावे लागले. १९८६ मध्ये ९,२५,००० डॉलरांवर ते प्रकरण मिटले.

हुकमाची भाषा

डॉसच्या काळ्या पडद्यावर एक अक्षर, त्यापुढे एक टोकदार खूण आणि लुकलुकणारी एक रेघ, एवढेच दिसे. माणसाने हुकूम टंकायचा. ‘डीआयआर’ म्हटले की यादी, ‘कॉपी’ म्हटले की नक्कल, ‘डीईएल’ म्हटले की खलास. फाइलीचे नाव आठ अक्षरांचे आणि त्यापुढे तीन अक्षरांचे शेपूट. त्याहून मोठे नाव चालत नसे. एका वेळी साधारणतः एकच प्रोग्रॅम चाले. एक जागा चुकली की पडदा उलटे उत्तर देई.

ही भाषा आपल्याकडच्या कारकुनांनी आणि टंकलेखकांनी आत्मसात केली, ती चाळिशीत, घरसंसार सांभाळून. बँकांतील संघटनांनी या बाबतीत जे केले ते ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १९८३ आणि १९८७ साली बँक व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांविषयी करार झाले. यंत्रे कोठे व किती बसवावयाची याला मर्यादा घातल्या गेल्या. ती चालविणाऱ्यांच्या विशेष भत्त्याचा विचार झाला. त्या काळी वर्तमानपत्रांतून या संघटनांची ‘प्रगतीचे शत्रू’ म्हणून हेटाळणी झाली. पण यंत्र येऊच नये असे त्या करारांत लिहिलेले नव्हते. ते कसे यावे, हे लिहिलेले होते. या दोन वाक्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

खिडक्या

हुकूम पाठ करण्याऐवजी पडद्यावर चित्रे दाखवावी आणि माणसाने बोट ठेवावे, ही कल्पना मायक्रोसॉफ्टची नव्हे. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे माउस लोकांपुढे चालवून दाखविला. झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधनशाळेत १९७३ मध्ये आल्टो हे यंत्र झाले. त्याच्या पडद्यावर पुढे खिडक्या उघडू लागल्या. ॲपलने ती वाट धरून १९८३ मध्ये ९,९९५ डॉलरांचे लिसा आणि २४ जानेवारी १९८४ रोजी २,४९५ डॉलरांचे मॅकिंटॉश काढले.

मायक्रोसॉफ्टने विंडोजची घोषणा १० नोव्हेंबर १९८३ रोजी केली; माल हाती पडला तो २० नोव्हेंबर १९८५ रोजी. या पहिल्या आवृत्तीत खिडक्या एकमेकींवर ठेवता येत नसत. फरशा बसवाव्या तशा त्या शेजारी शेजारी बसत. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या एकमेकींवर चढू लागल्या आणि १९८८ मध्ये ॲपलने खटला भरला; तो बहुतांशी मायक्रोसॉफ्टच्या बाजूने लागला. २२ मे १९९० च्या तिसऱ्या आवृत्तीने मात्र बाजार जिंकला, आणि २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ आली तेव्हा काळा पडदा सामान्य माणसाच्या दृष्टीआड झाला.

तिसऱ्या आवृत्तीत पत्त्यांचा एक खेळ होता, सॉलिटेअर. कचेरीत तो खेळला म्हणून मेमो मिळालेली माणसे आमच्याकडे आली आहेत. खरे पाहता पत्ता उचलून दुसरीकडे नेऊन ठेवताना माउस धरण्याचा सराव आपोआप होत असे. वरिष्ठांनी ज्याला कामचुकारपणा म्हटले, तेच पुष्कळांचे फुकटचे शिक्षण होते! हा खेळ वेस चेरी या उमेदवारी करणाऱ्या तरुणाने लिहिला. जगभर कोट्यवधी यंत्रांवर तो गेला. त्याबद्दल त्याला वेगळा मोबदला मिळाला नाही.

तेथील बदली कामगार

आता श्रमांचा प्रश्न. गिरणीत बदली कामगार असे. काम कायम कामगाराचेच, साचा तोच, घाम तोच. पण हक्क नाही. सकाळी दारात उभे राहायचे आणि हाक येण्याची वाट पाहायची. संगणकाच्या नव्या जगात हा प्रकार नसेल असे पुष्कळांना वाटते. पण १९८० नंतरच्या दशकात मायक्रोसॉफ्टमध्ये वर्षानुवर्षे काम करणारी अशी शेकडो माणसे होती, ज्यांना कंपनी नोकर मानीत नसे. कायम नोकरांबरोबर, त्याच वरिष्ठांच्या हाताखाली ती काम करीत. मात्र त्यांच्या ओळखबिल्ल्याचा रंग वेगळा, टपालपत्ता वेगळा, आणि कंपनीच्या समारंभांचे आमंत्रण नाही. कायम नोकरांना कंपनीचे समभाग सवलतीने घेता येत, यांना नाही. १९८६ मध्ये २१ डॉलरांना विक्रीस आलेला समभाग पुढे कोठल्या कोठे गेला, हे लक्षात घेतले म्हणजे या एका रेषेने कोणाचे किती गेले ते कळते.

सरकारच्या करखात्याने तपासणी करून सांगितले की ही माणसे नोकरच आहेत. १९९२ मध्ये त्यांनी दावा लावला. वरिष्ठ न्यायालयाने १९९६ आणि १९९७ मध्ये त्यांच्या बाजूने कौल दिला आणि २००० च्या डिसेंबरात ९ कोटी ७० लाख डॉलरांवर तडजोड झाली. कामगार आठ वर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढत होते. गिरणगावात याला कोणी नवल मानणार नाही.

आपली अक्षरे

मुकादम परदेशी, म्हणून त्याला देवनागरी येत नव्हती. कानपूरच्या आयआयटीत जन्मलेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढविलेले ‘जिस्ट’ तंत्र आले, तेव्हा यंत्रात एक जादा कार्ड बसवून डॉसच्या पडद्यावर मराठी उमटू लागली. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी सरकारी मानकही ठरले. तरी छपाईच्या धंद्यात प्रत्येक विक्रेत्याच्या अक्षरांचे संकेत निराळेच राहिले. एका अक्षरसंचात टंकलेले दुसऱ्यात उघडले तर वेडेवाकडे चाळे दिसत. विंडोजमध्ये देवनागरी मुळातच समाविष्ट झाली ती विंडोज २००० या आवृत्तीत.

या मधल्या काळात खिळे जुळविणाऱ्यांची पिढी संपली. मराठीची जोडाक्षरे जुळवायची म्हणजे शेकडो खिळ्यांची घरे बोटांना पाठ असावी लागत. एका छापखान्यातील जुळाऱ्यांचे प्रकरण आमच्याकडे आले होते. मालकाचे म्हणणे, ही माणसे आता शिकायची नाहीत. आम्ही एवढीच मागणी केली, की कामाच्या वेळात, पगारी, तीन महिने शिकवून पाहा. शिकविल्यावर असे दिसले की बोटांचा वेग उशिरा आला, पण ऱ्हस्वदीर्घ, ओळीची मोड, पानाचा तोल, हे बाहेरून आणलेल्या पोरांपेक्षा त्यांना अधिक कळत होते. ज्यांना कोणी शिकविलेच नाही असे इतर छापखान्यांतले जुळारी मात्र हिशेबाचे पैसे घेऊन घरी गेले. दोघांच्या कसबात काही फरक नव्हता. फरक कराराचा होता.

आता काय करावे?

हा इतिहास उगाळण्याचे कारण असे की मुकादम बदलणे काही थांबलेले नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ संपले आणि पुष्कळ धडधाकट यंत्रे नव्या आवृत्तीच्या अटींत बसेनात. यंत्र आपल्या पैशाचे, त्याचे आयुष्य मात्र मुकादम ठरविणार! शिवाय आता संगणकात पत्र स्वतःच लिहून देणारे साहाय्यक आले आहेत. कारकुनाचे काम पुन्हा एकदा उलटेपालटे होणार आहे.

तेव्हा आपली पतपेढी, आपली शाळा, आपली नगरपालिका नवी प्रणाली घेईल तेव्हा सभासदांनी आणि नागरिकांनी चार गोष्टी विचाराव्या. जुनी यंत्रे किती वर्षे चालतील याची लेखी हमी आहे काय? आपली कागदपत्रे उद्या दुसऱ्या प्रणालीत नेता येतील काय? ती मराठीत नीट चालते काय? आणि कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळात शिकविण्याचा खर्च अंदाजपत्रकात धरला आहे काय? हे प्रश्न विचारायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. सर्वसाधारण सभेला वेळेवर हजर राहावे लागते, आणि खरेदीचा कागद सहीला जाण्यापूर्वी हात वर करावा लागतो.