ओसरीवरील फटफटी आणि पेट्रोलची वाफ

गेल्या कांहीं दशकांत शेतकऱ्याच्या दारीं बैलजोडीच्या शेजारीं फटफटी येऊन उभी राहिली, व आतां तर पुष्कळ ठिकाणीं बैलजोडी गेली आणि फटफटी तेवढी राहिली. बैल गोठ्यांत बांधावा हें कोणास शिकवावें लागलें नाहीं. परंतु फटफटी कोठें ठेवावी याचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाहीं. चोरीची धास्ती, पाऊस, ऊन, सीट फाडणारीं कुत्रीं, रात्रीं टांकींतील पेट्रोल काढून नेणारे लोक, या सर्वांच्या भयानें ती प्रथम ओसरीवर चढते, तेथून पडवींत येते, आणि कित्येक घरीं तर संध्याकाळीं उंबऱ्यावर फळी टाकून थेट माजघरांत आणून लाविली जाते. मग रात्रीं घरांत पेट्रोलचा वास सुटतो. कोणी उदबत्ती लावितो, कोणी खिडकी उघडतो, व बहुतेक लोक ‘गाडी आहे, वास यायचाच’ असें म्हणून कुशीवर वळतात. या शेवटच्या समजुतीविरुद्ध आम्हांस आज लिहावयाचें आहे. उभ्या गाडीस पेट्रोलचा ठळक वास येणें हा गाडीचा स्वभाव नव्हे. तो बिघाडाचा किंवा चुकीच्या जागेचा पुरावा होय.

आमच्या पिढीचा हात रॉकेलवर बसलेला आहे. कंदील, चिमणी व स्टोव्ह यांच्या संगतींत आम्ही वाढलों, आणि रॉकेल सांडलें तर फडक्यानें पुसावें, वास आला तर दुर्लक्ष करावें, ही संवय आम्हांस जडली. पेट्रोल दिसावयास त्याचेंच भावंड, परंतु गुण अगदीं निराळा. ज्या उष्णमानावर एखाद्या तेलाची वाफ ठिणगी लागतांच पेट घेण्याइतकी निघूं लागते, तें उष्णमान रॉकेलच्या बाबतींत ३५ अंश सेल्सिअसच्या वर असतें. पेट्रोलच्या बाबतींत तें शून्याखालीं सुमारें ४० अंश आहे. म्हणजे रॉकेलास पेट घेण्यापूर्वीं वातीची अगर वैशाखाच्या उन्हाची मदत लागते. पेट्रोलास ती पौषांतल्या पहांटेसही लागत नाहीं. त्याची वाफ अष्टौप्रहर निघतच असते. टांकी, नळी व झांकण धड असेल तर ती बव्हंशी आंत कोंडलेली राहते, एवढाच काय तो फरक.

दुसरा गुण याहून महत्त्वाचा. ही वाफ हवेच्या तिप्पट ते चौपट जड असते. चुलीचा धूर वर जातो म्हणून आमच्या वाडवडिलांनीं झरोके ठेवले ते आढ्याजवळ. पेट्रोलच्या वाफेस त्यांचा उपयोग नाहीं. ती पाण्याप्रमाणें उताराकडे जाते, जमिनीलगत पसरते, उंबऱ्यापाशीं तुंबते, मोरीच्या भोंकांतून खालीं उतरते, व घरांत पेव किंवा तळघर असेल तर तेथें जाऊन साचते. उभ्या माणसास वास मंद वाटतो, त्याच वेळीं जमिनीवर अंथरूण टाकून निजलेल्या लेंकराच्या नाकापाशीं तो दाट असूं शकतो. आणि जमिनीलगत आमच्या घरांत काय काय असतें तें पहा: चूल, देवापुढील समई, इन्व्हर्टरची बॅटरी, फ्रिज. फ्रिज कांहीं पेटलेला दिसत नाहीं. पण तो आपोआप चालूं व बंद होतो तेव्हां त्याच्या आंतील खटक्यांत बारीक ठिणगी पडूं शकते, आणि तेवढी पुरे होते.

हिशेबी वाचकांसाठीं एक त्रैराशिक देतों. हवेच्या १०० भागांत या वाफेचे सुमारें दीड भाग झाले कीं तें मिश्रण पेट घेण्याजोगें होतें. साडेसात भागांच्या वर गेलें तर तें पेटत नाहीं खरें, पण दार उघडून ताजी हवा आंत येतांच तें पुन्हां पेटण्याच्या मर्यादेंत उतरतें. एक लिटर पेट्रोल पुरें उडालें तर त्याची वाफ १५० लिटरांहून अधिक होते. शेकडा दीड या मानानें १५० लिटर वाफेची १०,००० लिटर पेटाऊ हवा होते. आणि दहा फूट लांब, दहा फूट रुंद अशा बंद खोलींत ती जमिनीपासून साडेतीन फूट उंचीपर्यंत भरते. फटींतून थोडी निघून जाईल हें कबूल. परंतु फटींच्या भरंवशावर घर ठेवणें शहाणपणाचें नव्हे.

आम्ही महसूल खात्यांत कारकून होतों. जळालेल्या घरांचे पंचनामे वाचणें व त्यांच्या नकला करणें यांत आमचीं पुष्कळ वर्षें गेलीं. आगीच्या कारणाच्या जागीं ‘शॉर्टसर्किट’ हा शब्द इतक्या वेळां येई कीं तो छापून घ्यावा असें वाटे. त्यांतला एक पंचनामा मात्र लक्षांत राहिला. जळालेल्या वस्तूंच्या यादींत ज्वारीचीं पोतीं, पत्रे, भांडीं, अंथरुणें यांच्यानंतर ‘पडवींतील मोटारसायकल एक’ अशी नोंद होती. पंचांपैकीं एका वृद्धानें सांगितलें कीं, दोन दिवस घरांत वास येत होता, आणि पहांटे सुनेनें चूल पेटवितांच भडका झाला. माणसें वांचलीं. सुनेचे दोन्ही पाय मात्र गुडघ्यापर्यंत भाजले; हातांस व तोंडास फारशी झळ लागली नव्हती. त्या वेळीं तलाठ्यास याचें नवल वाटलें होतें. वाफ कोठून चालत येते हें ज्यास ठाऊक आहे त्यास तें वाटणार नाहीं.

आग लागली नाहीं म्हणून वाफ निरुपद्रवी ठरत नाहीं. डोकें दुखणें, घेरी, मळमळ व डोळ्यांची आग हीं तिचीं लगेच दिसणारीं लक्षणें. पेट्रोलांत बेंझीन नांवाचें द्रव्य अल्प प्रमाणांत असतें; भारत स्टेज सहाच्या मानकानें त्याची मर्यादा शेकडा एक भाग ठरविली आहे. हें द्रव्य दीर्घकाळ श्वासावाटे शरीरांत गेल्यास रक्ताचा कर्करोग होऊं शकतो हें वैद्यकशास्त्रानें सिद्ध केलें आहे. लहान मुलें व गरोदर स्त्रिया यांस अशा खोलींत निजवूं नये. ‘आम्हांस आतां वास येत नाहीं’ असें कोणी म्हणेल तर त्यावर विसंबूं नये, कारण नाकास या वासाची लवकर संवय होते व तें सांगेनासें होतें. बाहेरून आलेल्या पाहुण्याचें नाक अधिक खरें.

आतां वास येतो कोठून? जुन्या गाड्यांत बहुधा कार्ब्युरेटरमधून. त्याच्या वाटींत एक तरंगता फ्लोट असतो. वाटी भरली कीं तो वर येऊन सुईनें पेट्रोलचें तोंड बंद करितो. हौदाच्या तरंगत्या चेंडूच्या नळासारखीच ही युक्ति आहे. सुईखालीं कचरा अडकला किंवा ती झिजली म्हणजे तोंड पुरतें मिटत नाहीं, व खालच्या बारीक नळींतून रात्रभर थेंब पडत राहतात. पेट्रोलचा कॉक रात्रीं बंद केला तर ही गळती तेथेंच थांबते. आणि आश्चर्य असें कीं, विहिरीवरचा पंप बंद केल्यावांचून घरीं न येणारा मनुष्य हा कॉक वर्षानुवर्षें फिरवीत नाहीं. कधीं कधीं हें पेट्रोल खालीं न पडतां इंजिनांत शिरतें. इंजिन ऑइलाची पातळी आपोआप वाढली व त्यास पेट्रोलचा वास आला तर गाडी चालूं न करितां मिस्त्रीस दाखवावी.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाच्या मानकाच्या गाड्या आल्या. त्यांत कार्ब्युरेटर जाऊन बहुतेक ठिकाणीं फ्युएल इंजेक्शन आलें, आणि टांकींतील वाफ शोषून घेणारा कोळशाचा लहान डबाही बसविला गेला. अशी गाडी धड असतां घरांत वास येऊं नये. पण तिच्या मालकानेंही टांकी गळ्यापर्यंत भरण्याचा मोह टाळावा. पेट्रोल उबेनें फुगतें. दर अंशास हजार भागांत सुमारें एक भाग. पहांटेच्या गारव्यांत दहा लिटर भरलें व दुपारीं तें वीस अंशांनीं तापलें तर सुमारें २०० मिलिलिटर, म्हणजे पेलाभर पेट्रोल वाढतें. टांकींत जागा नसेल तर तें झांकणाच्या कडेनें बाहेर येतें किंवा त्या कोळशाच्या डब्यांत उतरतें, आणि भिजलेला कोळसा वाफ शोषीत नाहीं.

रबरी नळ्यांविषयीं विशेष सांगावयाचें तें हें. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचें पेट्रोल टप्प्याटप्प्यानें पंपांवर आलें. यांतलें बरेंचसें इथेनॉल आमच्याच उसाचें व मळीचें आहे, आणि त्याबद्दल ऊस लावणाऱ्यानें नाक मुरडण्याचें कारण नाहीं. परंतु तें लक्षांत घेऊन न बनविलेल्या जुन्या गाड्यांतील रबर त्यानें फुगतें, मऊ पडतें व पुढें चिरा जातात. शिवाय धान्याच्या खोलींत गाडी ठेविली तर उंदीर नळी कुरतडतात तें वेगळेंच. नळी बोटांनीं वाकवून पहावी. चीर दिसली, चिकटपणा लागला अगर ती लांकडासारखी कडक वाटली तर बदलावी. झांकणाखालील रबरी चकतीचीही हीच परीक्षा.

गळती शोधावयाची तर दिवसा, गाडी अंगणांत नेऊन, इंजिन थंड असतां शोधावी. काडी ओढून अगर चिमणी धरून पाहणारे लोक आम्हांस ठाऊक आहेत. अंधारांत पाहणें अगदींच भाग पडलें तर टॉर्च बाहेर असतांच लावून मग जवळ जावें. गाडीखालीं रात्रभर कोरा पुठ्ठा घातला तर पेट्रोल उडून गेलें तरी डागाचें वर्तुळ मागें राहतें, व तें कोणत्या भागाखालीं पडलें यावरून गळतीची जागा समजते. गाडी तिरप्या स्टँडवर असतां गळते व मधल्या स्टँडवर गळत नाहीं, असें आढळलें तर दोष वाटीच्या पातळीचा किंवा झांकणाचा समजावा.

जागेविषयीं आमचें मत स्पष्ट आहे. माणसें निजतात त्या खोलींत व चूल असते त्या खोलींत फटफटी कोणत्याही ऋतूंत ठेवूं नये. घराच्या भिंतीस लागून चार पत्र्यांचें एकपाखी छप्पर घालावें. कडेला आडोसा हवा असेल तर तो जमिनीपासून वीतभर वर सुरू करावा, म्हणजे खालून वारा वाहता राहील. चोरीचें भय असेल तर काँक्रीटमध्यें लोखंडी कडी पुरून तीस सांखळी व कुलूप घालावें. जागेअभावीं पडवींतच ठेवणें प्राप्त झालें तर बाहेरून आलेली गाडी तापलेली असतांच आंत घेऊं नये. इंजिनाच्या उबेनें कार्ब्युरेटरमधील पेट्रोल त्या वेळीं सर्वांत अधिक उडतें. अर्धा तास अंगणांत निवूं द्यावी, कॉक बंद करावा, मधल्या स्टँडवर लावावी. आणि थंडींत इंजिन ‘गरम’ करण्यासाठीं गाडी आंतच चालूं ठेवण्याची जी रीत आहे ती तर सर्वस्वीं त्याज्य होय. त्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइडास वासच नसतो, व तो बंद खोलींत माणूस मारतो.

घरांत येतांच दाट वास जाणवला तर विजेचें कोणतेंही बटण दाबूं नये, पंखाही लावूं नये. दारें उघडावीं, चूल व समई शांत करावी, माणसें बाहेर काढावीं व गाडी ढकलत अंगणांत न्यावी. सांडलेल्या पेट्रोलावर पाणी ओतूं नये. पेट्रोल पाण्यावर तरंगून अधिक पसरतें व मोरींत गेलें तर वाफ नाल्यानें शेजारच्या घरीं पोंचते. कोरडी माती किंवा वाळू टाकून तें शोषूं द्यावें व ती माती दूर उघड्यावर पसरावी. पुसलेलें फडकें घरांत कोंबूं नये.

दूध घालणाऱ्यांस हें निराळें सांगतों. दूध वास फार लवकर धरतें. धारेची किटली फटफटीच्या शेजारीं रात्रभर राहिली तर सकाळीं डेअरींत नाकास लावतांच ती बाजूस काढली जाण्याचा संभव आहे, आणि मग दोष गाईच्या चाऱ्यास दिला जातो. पीठ व चहा यांचीही तीच गत.

शेवटीं फवारणी पंपाची गोष्ट. पंपासाठीं फटफटीच्या टांकींतून नळीनें, तोंडानें ओढून पेट्रोल काढण्याची रीत गांवोगांवीं आहे. तें एक घोट जरी चुकून फुप्फुसांत गेलें तरी जिवावर बेततें. कोणाच्या पोटांत गेलेंच तर उलटी करवूं नये, कारण उलटींतून तें पुन्हां फुप्फुसांत जातें. थेट दवाखान्यांत न्यावें. हातानें दाबावयाचा फुग्याचा पंप बाजारांत मिळतो, तो घ्यावा. काढलेलें पेट्रोल शीतपेयाच्या बाटलींत भरून फडताळांत ठेवणें हें कायद्याच्याही विरुद्ध आहे. सन १९३४ च्या पेट्रोलियम अधिनियमाच्या आठव्या कलमाप्रमाणें, विक्रीसाठीं नसलेलें पेट्रोल ३० लिटरपर्यंत विनापरवाना बाळगतां येतें. मात्र तें घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनी मातीच्या अगर धातूच्या पात्रांत पाहिजे, व काचेचें किंवा मातीचें पात्र एक लिटरहून, धातूचें २५ लिटरहून मोठें असतां कामा नये. प्लास्टिकची बाटली त्यांत बसत नाहीं. फवारणी संपल्यावर पंपाची टांकी रिकामी करावी, उरलेल्या थेंबांवर तो उघड्या रानांत आपोआप बंद पडेपर्यंत चालवावा, आणि मगच अवजारांच्या खोलींत नेऊन ठेवावा.