वाशिंदच्या पावसात लाकडी जमीन

वाशिंद, आसनगाव, शहापूर या पट्ट्यात घराला लाकडी जमीन घालायची तर लाकडाच्या आधी पावसाचा हिशेब करावा लागतो. जून ते सप्टेंबरमध्ये इथे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. जुलै-ऑगस्टची हवा सतत ओलीचिंब असते आणि एप्रिल-मेच्या दुपारी तीच कोरडीठाक पडते. लाकडाची या हवेशी देवघेव चालूच राहते. पावसाळ्यात ते ओलावा ओढून रुंदीत फुगते, उन्हाळ्यात आकसते. लांबीत मात्र फरक जवळजवळ पडत नाही.

सागाची १०० मिलिमीटर रुंदीची फळी घेतली आणि तिच्यातला ओलावा १० टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर गेला, तर ती साधारण १ मिलिमीटरने रुंदावते. ३ मीटरच्या खोलीत अशा ३० फळ्या बसतात, म्हणजे कागदावर ३ सेंटिमीटरची वाढ. पॉलिश आणि खिळे तिला बराच आवर घालतात. तरीही भिंतीला घट्ट भिडवून ठोकलेल्या फळ्या श्रावणात मधोमध उचलल्या जातात. म्हणून चारही बाजूंना १० ते १२ मिलिमीटर मोकळी जागा सोडून ती स्कर्टिंगखाली झाकतात. फळी अरुंद घ्यावी. ओंडक्याच्या गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने कापलेली, सरळ रेघांची फळी मिळाली तर उत्तम. ती जवळपास निम्मीच हलते, म्हणजे फुगते-आकसते. अशा कापात लाकूड वाया जाते, त्यामुळे ती महाग पडते.

जुन्या घरांत हे गणित न मांडता सुटलेले दिसते. पायाखाली सारवलेली जमीन, पुढे कोबा किंवा शहाबादी फरशी. फळ्या वर, कडीपाटाला आणि माळ्याला. माळ्याच्या फळीला दोन्ही अंगांनी हवा लागे आणि चुलीचा धूर कीड दूर ठेवी. आजही लाकडी जमिनीची खरी जागा वरच्या मजल्यावरची झोपायची खोली हीच आहे. तळमजल्यावर हौस करायचीच असेल, तर आधी काँक्रीटची परीक्षा घ्यावी. दोन फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून जमिनीवर एक दिवस ठेवायचा. खालच्या बाजूला थेंब धरले किंवा काँक्रीट काळवंडले, तर ओल वर येते आहे. ती थांबवल्याशिवाय आणि वाळवीचा बंदोबस्त केल्याशिवाय तिथे लाकूड घालणे म्हणजे पैसे पाण्यात.

लाकडांत साग पहिला, आणि केवळ प्रतिष्ठेमुळे नव्हे. तो इतर लाकडांच्या मानाने कमी हलतो, शिवाय त्याच्या अंगचे तेल आणि टेक्टोक्विनोन हे द्रव्य वाळवीला नकोसे असते. हा गुण फक्त गाभ्याच्या तपकिरी लाकडात आहे. सालीलगतच्या फिकट पट्ट्याला कीड सहज लागते, म्हणून तशा फळ्या बाजूला काढाव्यात. ऐनाचे लाकूड सागापेक्षा कठीण, पण वाळताना तडकते. शिसव देखणा आणि खिशाला जड.

शहापूर-मुरबाडच्या जंगलात साग भरपूर असला, तरी स्वतःच्या मालकीच्या जमिनीवरचा सागही मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. १९६४ च्या कायद्यानुसार परवानगी लागते, लाकूड हलवायला वन विभागाचा वाहतूक परवाना लागतो, आणि आदिवासी खातेदाराच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा वेगळा कायदा आहे. वखारीतून घेताना पावती मागावी. पाडलेल्या चाळी-वाड्यांतला जुना साग मिळाला तर सोडू नये. तो वर्षानुवर्षे वाळलेला असतो. रंधा मारण्यापूर्वी आतले खिळे तेवढे शोधावेत.

बाजारात ‘वुडन फ्लोअरिंग’ म्हणून जे सर्रास खपते, त्यात बरेचसे लॅमिनेट असते : दाबलेल्या लाकडी तंतूंच्या पाट्यावर लाकडाचे चित्र छापलेला कागद आणि वर कडक थर. स्वस्त आहे, ओरखडे सोसते, पण सांध्यातून पाणी शिरले की कडा फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत. इंजिनिअर्ड लाकडात प्लायवूडसारख्या उलटसुलट चिकटवलेल्या थरांवर खऱ्या लाकडाचा पातळ थर असतो. हे थर एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे ते कमी हलते. दमट हवेत नवीन घराला हाच व्यवहारी पर्याय.

देखभालीत मोठा शत्रू म्हणजे रोज बादलीभर पाण्याने लादी पुसायची सवय. लाकडी जमिनीला मऊ झाडू आणि अगदी घट्ट पिळलेले फडके पुरे. साबणाचे पाणी आणि फिनाईल नको. खरी झीज चपलेबरोबर येणाऱ्या रेतीने होते, म्हणून चपला दाराबाहेर आणि आत जाड पायपुसणे. ओल्या छत्र्या, रेनकोट ओटीवरच राहू द्यावेत. पलंग-कपाटांच्या पायांखाली नमद्याचे तुकडे चिकटवावेत. पावसाळ्यात फळ्या दाटून बसतात, मे महिन्यात त्यांच्यात बारीक फटी दिसतात. त्या फटींत लगेच लांबी (पुट्टी) भरू नये. पावसात फळी फुगली की लांबी चिरडून बाहेर येते.

पीयू पॉलिशचा थर टिकाऊ असतो, पण एका जागी खरचटला तर बहुधा सबंध खोली घासावी लागते. जवसाचे तेल लावलेली जमीन लवकर मळते. तिची दुरुस्ती मात्र हातभर जागेपुरती घरीच होते. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप पेटू शकतात, पसरून वाळवावीत. घासून नवे पॉलिश करायला डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. २० मिलिमीटरची सागाची फळी अशी अनेकदा घासता येते, ३-४ मिलिमीटर थराचे इंजिनिअर्ड लाकूड एक-दोनदा आणि लॅमिनेट एकदाही नाही.