खळ, कामट्या आणि बेगड

मराठी साहित्य मंडळाच्या अंकात हस्तकलेवर लेख कशाला, असं कुणी म्हणेल. माझं उत्तर साधं आहे. इंदुरात वाढणाऱ्या आपल्या मुलांना मराठी नामं बऱ्यापैकी येतात. पोळी, आजी, देव, चपला, सगळं येतं. गाडी अडते ती क्रियापदांपाशी. 'आई, हा कागद मोडू का?' असं विचारणाऱ्या मुलाला कागद मोडायचा नसतो, दुमडायचा असतो. हिंदीतला 'मोड़ना' मराठीत आला की काहीतरी तोडूनच जातो! 'चिपकव' तर आता आपण मोठी माणसंही म्हणतो.

ही क्रियापदं पुस्तकातून येत नाहीत, हातातून येतात. मळणे, थापणे, लिंपणे, वळणे, खोचणे, ओवणे, दुमडणे, मढवणे हे शब्द ते ते काम करताना कानावर पडले तरच राहतात. त्यातलंच 'ओवणे' घ्या. आपल्या 'ओवी'चं नातं या क्रियापदाशी जोडलं जातं. ज्या मुलानं कधी फूल ओवलेलं नाही, त्याला पुढे ओवीतलं ओवणं कसं सांगणार? म्हणून भाद्रपदापासून नाताळापर्यंतच्या चार महिन्यांत तीन ते आठ वर्षांच्या मुलांबरोबर घरात काय करता येतं, ते लिहिते आहे. सामान स्वयंपाकघरातलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानातलं. वेळ संध्याकाळचा अर्धा तास.

सुरुवात माळव्याच्या संजापासून. आपण इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलो, तेव्हा संजा शेजारच्यांची आणि हादगा आपला, असा भेद करण्यात मला काही अर्थ वाटत नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत, म्हणजे ऐन पितृपक्षात, कुमारिका भिंतीवर शेणानं रोज एक नवी आकृती काढतात. पौर्णिमेला पाटला, पंचमीला पाच कुंवारे, षष्ठीला छाबडी, सप्तमीला सातिया, अष्टमीला आठ पाकळ्यांचं फूल, नवमीला डोकरा-डोकरी, आणि शेवटी सगळ्यांना पोटात घेणारा मोठा किलाकोट. कुठल्या तिथीला काय, यावर गावागावांत आणि घराघरांत मतभेद आहेत. दोन आज्या एकत्र बसवल्या तर अमावास्या उजाडेल पण यादी ठरणार नाही. चंद्र आणि सूर्य मात्र रोज हवेतच. घरात मोठी माणसं श्राद्ध-पक्षात गुंतलेली, नवीन खरेदी बंद, आणि त्याच पंधरवड्यात पोरींचा हा स्वतंत्र उद्योग चालू! ज्यानं कुणी हे बसवलं, त्याला मुलं नीट कळत होती.

मुलांच्या हाताच्या हिशेबानं संजाकडे बघा. शेण मऊ असतं, चिमटीत येतं, भिंतीला आपसूक चिकटतं. कात्री नको, गोंद नको, रेघ सरळ यायला नको. रंग फुलांचा: गुलबाक्षी, तेरडा, कण्हेर, घोसाळ्याची पिवळी फुलं (इथली गिलकी). चमक हवी तर बेगड. आजकाल आपण तिला 'पन्नी' म्हणून मोकळे होतो, पण बेगड हा काय सुंदर शब्द आहे! आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्या दिवशी ही आकृती खरवडून काढायची. वाळलेलं शेण टोपलीत जमा करायचं आणि शेवटी पाण्यात सोडायचं. आजचा चंद्र वाकडा आला तर उद्या दुसरा. जपून ठेवायचं काहीच नाही, म्हणून चुकायची भीतीही नाही.

आता आपल्या शहराची अडचण. २०१७ पासून इंदूर देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून गाजतंय. त्या मोहिमेत वस्त्यांमधले गोठे बाहेर गेले, ते योग्यच झालं. पण शेण दुर्मीळ झालं, आणि फ्लॅटच्या डिस्टेंपर मारलेल्या भिंतीवर ते थापायला कोण देणार? त्यावर बाजारानं छापील कागदी संजा काढली. ती एकदा डकवायची, सोळा दिवस तीच. मला तिचा राग नाही. पण तिच्यात मुलाच्या हाताला करण्यासारखं काही उरत नाही. मग उरतं फक्त फोटो काढणं.

आमच्या घरी आम्ही ती पाटावर मांडतो. पाट नसेल तर जाड खोक्याचा पुठ्ठा, दीड फूट लांब-रुंद. शेणाऐवजी माती. माळव्याची काळी माती एकटी वापरली तर वाळताना तिला भेगा पडतात, म्हणून चाळलेल्या दोन वाट्या मातीत एक वाटी कागदाचा लगदा घालायचा. जुनं वर्तमानपत्र फाडून रात्रभर भिजत घातलं की सकाळी लगदा तयार. त्यात दोन चमचे खळ, आणि चपातीच्या कणकेइतकं घट्ट मळायचं. मळायला मुलांनाच बसवा. पुठ्ठ्यावर पातळ थर लिंपायचा, मग मातीच्या वळ्या करून त्यांच्या आकृत्या. चार वर्षांच्या मुलाला चंद्र-सूर्य पुरे, सहा-सात वर्षांच्याला पाच कुंवारे जमतात. माती ओली असतानाच पाकळ्या खोचायच्या. करताना बोलत राहायचं: 'हे वळ, ते थाप, इथे खोच, थोडं दाब.' शिकवतोय असा आव आणायचा नाही. आणि 'नीट कर' हे दोन शब्द त्या अर्ध्या तासापुरते घराबाहेर ठेवायचे. मी पाहिलंय, 'नीट कर' म्हटलं की मूल हात पुसून उठतं आणि पुढचं सगळं आपणच करत बसतो.

आरती आणि गाण्यानंतर संजाचा प्रसाद येतो तो झाकून. काय आहे ते बाकीच्या मुलींनी ताडायचं. हे वाचून तुम्हाला हादगा-भोंडल्याची खिरापत आठवली असेल. तिथेही हेच. खानदेश-विदर्भात महिनाभर चालणाऱ्या भुलाबाईतही हेच. तिन्हींकडे मुली, तिन्हींकडे गाणी, तिन्हींकडे झाकलेला डबा. कुणी कुणाकडून घेतलं हा वाद अभ्यासकांवर सोडू. आम्ही या खेळाला एक नियम जोडला: ओळखताना फक्त क्रियापदांनी प्रश्न विचारायचे. चावतात का? चोखतात? सोलतात? फोडतात? कुरतडतात? भुरकतात? एका डब्यामागे आठ-दहा क्रियापदं सहज होतात. गेल्या वर्षी शेजारची माळवी मुलगी 'भुरकणे' शिकून गेली आणि आमची 'सबड़ना' शिकली. सौदा बरा झाला.

संजा किलाकोटावर संपते, आणि पुढच्या अमावास्येला मराठी घरात पुन्हा किल्लाच. एक शेणाचा, एक मातीचा. दिवाळीच्या किल्ल्याबद्दल फार सांगायला नको. विटा-दगड रचायचे, मातीच्या चिखलात भिजवलेलं गोणपाट वर पसरायचं आणि अळीव किंवा मोहरी पेरायची. पाच-सहा दिवसांत हिरवं उगवतं, म्हणून वसुबारसेच्या चार दिवस आधी हात लावा. फ्लॅटवाल्यांनी जुन्या परातीत करावा. बाल्कनीत मावतो आणि शेवटी माती कुंडीत परत जाते.

आता कंदील, आणि त्याच्याबरोबर नाताळचा तारा. हे दोन्ही मी एकाच सांगाड्यावर करते. दिवाळी आणि नाताळ यांच्यात दीड-दोन महिन्यांचं अंतर, मग एवढे कष्ट एकदाच वापरून कशाला टाकायचे? शिवाय आपल्या मंडळात दोन्ही घरांतले सभासद आहेत.

दीड फुटाच्या दहा कामट्या घ्या. टोपल्या-सुपं विणणाऱ्यांकडे मिळतात, नाही तर पतंगवाल्याला विचारा. मोठ्या माणसानं त्या आधी पॉलिश पेपरनं घासून घ्याव्यात, कारण बांबूची कूस बोटात घुसली तर रात्रभर ठणकते. शरीरात रुतलेलं टोक म्हणजे शल्य, आणि सल हे त्याचंच घरगुती रूप. कवितेतल्या सलाची ओळख मुलांना इतक्या लवकर नको. पाच कामट्या पेन्सिल न उचलता काढतो तशा चांदणीसारख्या मांडून पाच टोकं दोऱ्यानं बांधायची. दुसरी चांदणी तशीच. दोन्ही एकमेकींवर ठेवून पाचही टोकं एकत्र बांधली, की आत जिथे कामट्या एकमेकींना छेदतात तिथे तीन इंचांची एकेक आडकाडी दोन चांदण्यांच्या मध्ये उभी दाबायची. अशा पाच काड्या. चपटी चांदणी फुगून उभी राहते, तो क्षण मुलांचा चेहरा बघण्यासारखा असतो. फिलिपिन्समध्ये नाताळला लावतात तो 'पारोल' अशाच बांबूच्या चांदणीचा असतो. लहान तारे हवे असतील तर कामट्यांऐवजी खराट्याचे हीर घ्या. त्यांना घासावं लागत नाही.

मढवायला पतंगी कागद आणि घरची खळ. दोन मोठे चमचे मैदा कपभर थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा (इथे मात्र 'मोडणे' बरोबर!), मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरं जाऊन अर्धपारदर्शक दिसू लागलं की उतरवायचं. पूर्वी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. लहान मुलं बोटं तोंडात घालतात आणि मोरचूद विषारी आहे, तेव्हा ते अजिबात नको. चिमूटभर तुरटी चालेल. फ्रिजमध्ये खळ दोन-तीन दिवस टिकते. समोरची आणि मागची बाजू मढवा. कडेची एक फट दिवा घालायला मोकळी सोडा. दिवा छोटा एलईडीच हवा, मेणबत्ती किंवा जुना तापणारा बल्ब कागदाजवळ नको. करंज्या दुमडणं आणि झिरमिळ्या कापणं हे मुलांचं खातं. कंदिलाला करंज्या असतात हे ऐकून आमच्याकडे 'मग त्या खायच्या का?' हा प्रश्न दर वर्षी येतो.

दिवाळी संपली की खालच्या झिरमिळ्या काढायच्या, फाटलेला कागद ओला करून सोलायचा, आणि डिसेंबरात पांढरा किंवा पिवळा कागद लावून तोच तारा दारात. गव्हाणी करणाऱ्यांना किल्ल्याचं गोणपाट आणि उरलेली माती उपयोगी पडते. गव्हाणीची प्रथा संत फ्रान्सिसनं १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात सुरू केली असं मानतात. त्याच्याकडे होता खरा गोठा, गवत आणि जितीजागती जनावरं. दुकानातला सेट त्यालाही सुचला नव्हता.

जर्मनीत घरोघरी लावतात तो अनेक टोकांचा मोरेवियन तारा १९व्या शतकात नीस्की इथल्या मोरेवियन शाळेत, भूमिती शिकवताना जन्माला आला. आज तो जगभर विकला जातो, पण मुळात तो शाळकरी हातांचा उद्योग. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा पाश्चात्त्य पद्धतीची महागडी साधनं बाजूला ठेवून बिया, शिंपले, दगड, पानं यांवर मुलांना शिकवलं. पैसे नव्हते म्हणूनही असेल, पण त्या वस्तूंची नावं मुलांच्या स्वतःच्या भाषेत होती हाही मोठा फायदा होताच. चाळीस रुपयांच्या 'क्राफ्ट किट'मधल्या वस्तूला मराठीत काय म्हणायचं, हे त्या पाकिटालाही ठाऊक नसतं.

राहता राहिला कचरा, आणि इंदुरात तो प्रश्न टाळता येत नाही. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, तेव्हा मखराचा तो रस्ता तसाही बंद. आम्ही वस्तू करण्याआधीच मुलांना विचारतो, 'हे शेवटी कुठल्या डब्यात?' पाकळ्या आणि उरलेली खळ ओल्यात. ओला कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात जातो. २०२२ मध्ये हा प्रकल्प सुरू झाला तेव्हा त्याची क्षमता दिवसाला ५५० टनांची होती. आपली वाळलेली गुलबाक्षी सिटी बसच्या टाकीत जाऊ शकते, हे कळल्यावर मुलं फुलं कचऱ्यात टाकायला भांडतात. संजाची माती कुंडीत, नदीत नाही. बेगड सुक्यात जाते, म्हणून ती जपून, नखाएवढीच वापरायची. सांगाडा मात्र कुठल्याच डब्यात नाही. ६ जानेवारीला तारा उतरवला की कागद सोलून, सुटलेल्या गाठी पुन्हा बांधून तो कपाटावर जातो. आमचा आता तिसऱ्या वर्षात आहे, आणि त्यातल्या दोन कामट्या बदलायला झाल्या आहेत.