धुरकरी पृथ्वीवर, गाडी मंगळावर

गाडी हाकणे म्हणजे काय, हे आमच्या पारशिवनीकडे कुणाला शिकवावे लागत नाही. बंडीचा धुरकरी कासरा धरतो, ट्रॅक्टरवाला स्टेअरिंग धरतो, गोंडेगावच्या कोळसा खाणीतला डंपरचालक ब्रेकवर पाय ठेवून उतार उतरतो. तिघांचे तंत्र मुळात एकच. डोळ्यांना दिसले की हातपाय हलतात. पण डोळा आणि हात यांच्यामध्ये कोट्यवधी किलोमीटरची पोकळी असेल तर? गाडी मंगळावर आणि तिचा धुरकरी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका खोलीत बसलेला असेल, तर ती हाकायची कशी?

या प्रश्नाचा नाद लागलेली आम्ही चार माणसे गावात आहोत. भूगोलाचे एक निवृत्त शिक्षक, खाणीतून निवृत्त झालेले एक डंपरचालक, बी.एस्सी.ची एक विद्यार्थिनी आणि मी. 'नासा'च्या मंगळावरील गाडीने, म्हणजे रोव्हरने, काढलेली छायाचित्रे पृथ्वीवर आली की फारसा वेळ न लावता सर्वांसाठी खुली होतात. ती मोबाइलवर पाहायची, चाकांचे माग शोधायचे आणि गाडी पुढे कुठून जाईल याचा अंदाज बांधायचा, हा आमचा उद्योग. "काका, तुम्ही कुठून काढली असती जी?" विद्यार्थिनी विचारते. "डावीकडून. उजवीकडची रेती भुसभुशीत दिसून राहिली," काका म्हणतात. दोन दिवसांनी नवी चित्रे येतात आणि निकाल लागतो. यात पाहायचे काय, दगडच तर आहेत, असे लोक म्हणतात. दगडच आहेत. पण त्यांतून वाट काढणाऱ्याच्या नजरेने पाहिले, की एकेक दगड बोलू लागतो.

खरी अडचण आहे ती वेळेची. रेडिओ संदेश प्रकाशाच्या वेगाने जातो, तरीही मंगळ जवळ असताना त्याला तीन-चार मिनिटे आणि दूर असताना सुमारे बावीस मिनिटे लागतात. पुढे खड्डा आहे हे चित्र येईपर्यंत आणि 'थांब' हा हुकूम तिथे पोहोचेपर्यंत गाडी खड्ड्यात गेलेली असणार. चंद्राची गोष्ट वेगळी. तिथे संदेश सव्वा सेकंदात पोहोचतो. म्हणून १९७० आणि १९७३ मध्ये सोव्हिएत चालकांनी लुनोखोद गाड्या पडद्यावर पाहत हाकल्या. मंगळावर ते जमत नाही. तिथे आदल्या दिवसाची चित्रे पाहायची, दोन कॅमेऱ्यांच्या चित्रांची जोडी जुळवून आपल्या दोन डोळ्यांप्रमाणे अंतर आणि खोली काढायची, पुढच्या दिवसाच्या हालचालींची यादी लिहायची, ती पाठवायची आणि वाट पाहायची. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा सुमारे चाळीस मिनिटांनी मोठा. त्यामुळे मोहिमेच्या सुरुवातीला या मंडळींच्या कामाची आणि झोपेची वेळही रोज तेवढी पुढे सरकते. १९९७ साली मंगळावर फिरलेल्या सोजर्नर या पहिल्या गाडीने अशा रीतीने जवळजवळ तीन महिन्यांत सुमारे शंभर मीटरची मजल मारली. आपल्याकडे शेळ्या चारताना एवढे अंतर केव्हाच मागे पडते.

दुसरी अडचण रेतीची. चाक खोटे बोलते, हे आमच्या डंपरवाल्या काकांचे आवडते वाक्य. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत चाक दहादा फिरते आणि गाडी जागच्या जागी असते. मग चाकाच्या फेऱ्या मोजून अंतर काढायचे तरी कसे? यावर उपाय असा, की गाडीने थोडे चालायचे, थांबायचे, आजूबाजूचे दगड आधीच्या चित्राशी ताडून पाहायचे आणि आपण खरोखर किती सरकलो ते ठरवायचे. ऑगस्ट २०१२ मध्ये उतरलेल्या क्युरिऑसिटीच्या चाकांवर त्यासाठी मुद्दाम छिद्रे ठेवली आहेत. सपाट, खुणा नसलेल्या रेतीत त्यांचे ठसे उमटतात आणि त्यांवरून अंतर मोजता येते. गंमत अशी की मॉर्सच्या कडकट्ट भाषेत त्या ठशांचा अर्थ होतो 'जेपीएल', म्हणजे ती गाडी बनवणाऱ्या प्रयोगशाळेच्या नावाची आद्याक्षरे!

चाकावर विश्वास ठेवण्याची किंमत ऑपॉर्च्युनिटी या गाडीने २००५ च्या एप्रिलमध्ये मोजली. रेतीच्या एका लहानशा उंचवट्यावर तिची चाके फिरत राहिली आणि रुतत गेली. आपला माणूस अशा वेळी चाकाखाली दगड टाकतो, चार जणांना धक्का मारायला बोलावतो. तिथे कोण होते? प्रयोगशाळेत तशीच रेती तयार करून दुसऱ्या गाडीवर प्रयोग झाले, मग अगदी हळूहळू हुकूम गेले. सुमारे एक मीटर पुढे सरकण्यासाठी चाके १९२ मीटर अंतराइतकी फिरली, तेव्हा कुठे ४ जूनला ती मोकळी झाली. त्यानंतर चालकांनी हुकमांच्या यादीत नवी अट घातली. चाके फिरत आहेत पण गाडी सरकत नाही असे दिसले, तर थांब. नव्वद दिवसांसाठी पाठवलेली ही गाडी २०१८ च्या जूनपर्यंत बोलत होती. तोवर तिने ४५ किलोमीटरहून अधिक अंतर कापले होते.

तिची जुळी बहीण स्पिरिट मात्र २००९ मध्ये रुतली ती कायमची. पण तिचीही कथा ऐकण्यासारखी आहे. २००६ मध्ये तिचे उजवे पुढचे चाक बंद पडले. चालक तिला उलटी, ते चाक ओढत चालवू लागले. त्या ओढण्याने माती नांगरल्यासारखी झाली आणि खालून पांढरीशुभ्र, सिलिकाने भरलेली माती वर आली. एके काळी तिथे उष्ण पाणी किंवा वाफ असावी, याची ती खूण ठरली.

फेब्रुवारी २०२१ मध्ये उतरलेली पर्सिव्हरन्स आता चालता चालता स्वतःच चित्रे पाहून वाट निवडते. तिच्या प्रवासाचा सुमारे ९० टक्के भाग असा झाला आहे. १९ जून २०२५ रोजी तिने एका दिवसात ४११ मीटर अंतर कापले. २००८ पासून मंगळावरच्या गाड्या चालवणाऱ्या वंदी वर्मा या मूळच्या भारतीय, चंडीगडला अभियांत्रिकी शिकलेल्या. तेव्हा धुरकऱ्याचे काम संपले का? मला तसे वाटत नाही. कुठे जायचे, कोणत्या भागात पाऊल टाकायचे नाही आणि शंका आली की काय करायचे, हे अजून माणूसच ठरवतो. काम बदलले आहे, जबाबदारी नाही.

आपल्या प्रज्ञानचेच पाहा. २७ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर त्याच्या पुढ्यात चार मीटर व्यासाचे विवर आले. ते तीन मीटरवर असतानाच दिसले आणि बंगळुरूहून मागे फिरण्याचा हुकूम गेला. त्या रात्री आमच्या चौघांत जो आनंद झाला, तो गाडी पुढे गेल्याचा नव्हता, वेळीच वळल्याचा होता. आपल्याकडे थांबणाऱ्याला आणि परत फिरणाऱ्याला भित्रा म्हणण्याची रीत आहे. पुढ्यात काय आहे हे नीट पाहून परत फिरणे हेही चालवणेच आहे, हे त्या चिमुकल्या गाडीने साऱ्या देशाला दाखवले.

आमच्या गावाजवळच रामटेक आहे. कालिदासाचा रामगिरी तो हाच, असे नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. तिथून यक्ष मेघाला वाट सांगतो. नद्या, डोंगर, नगरे, कुठे विसावायचे, कुठे आडवाट करायची, सगळे. स्वतःला जाता येत नाही आणि एकदा निघालेल्या मेघाला हाक मारून वळवताही येत नाही. मंगळाच्या चालकांची स्थिती याहून वेगळी नाही.

आमचे शिक्षक हल्ली गावातल्या मुलांना एक खेळ देतात. एकाने डोळे बांधायचे, दुसऱ्याने मैदान पाहून सगळी वाट चिठ्ठीवर लिहायची, तिसऱ्याने ती वाचून दाखवायची आणि मध्ये कुणी ओरडायचे नाही. बहुतेक मुले लिहितात, दहा पावले सरळ, पाच उजवीकडे. परवा सहावीतल्या एका मुलीने शेवटी एक ओळ जास्त लिहिली होती. "पायाला काही लागले तर पुढे जाऊ नको, तिथेच उभी राहा." तिची मैत्रीण मैदानाच्या टोकाला पोहोचली नाही, मध्येच विटेपाशी थांबली. पण त्या दिवशी न पडलेली ती एकटीच होती.